मालमोटारीचा अपघात आणि पुसला जाणारा पुरावा

महामार्गावर मालमोटारीचा अपघात झाला की पहिली धावपळ जखमींना इस्पितळात हलविण्याची असते आणि दुसरी रस्ता मोकळा करण्याची. क्रेन येते, उलटलेला ट्रक कडेला ओढला जातो, काचा झाडल्या जातात, सांडलेल्या तेलावर माती टाकली जाते आणि तासा-दोन तासांत वाहतूक पूर्ववत होते. प्रशासनाच्या दृष्टीने हे आवश्यकच आहे. परंतु याच अवधीत रस्त्यावरचा बराचसा पुरावाही पुसला जातो. पुढे मोटार अपघात दावा न्यायाधिकरणासमोर नुकसानभरपाईचा अर्ज सुनावणीला येतो तेव्हा मृताच्या कुटुंबाच्या हाती उरलेली असते ती रात्रीच्या अंधारात, वाहनांच्या रांगा लागलेल्या असताना घाईने लिहिलेल्या पंचनाम्याची प्रत. २०२२ या एका वर्षात देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांपैकी १५,२२४ महाराष्ट्रातील होती. यातील किती कुटुंबांना न्याय्य भरपाई मिळते, हे कायद्याइतकेच पहिल्या काही दिवसांत काय जपून ठेवले गेले यावर अवलंबून असते.

दोन मोटारगाड्यांची टक्कर आणि ट्रकचा अपघात यांत वकिलाच्या दृष्टीने मोठा फरक आहे. मोटारीच्या अपघातात बहुधा एक चालक आणि एक विमा कंपनी एवढाच पसारा असतो. ट्रकच्या मागे मात्र नोंदणीकृत मालक, ट्रक भाड्याने घेणारी ट्रान्सपोर्ट कंपनी, माल भरणारा कारखाना, फिटनेस प्रमाणपत्र देणारे परिवहन कार्यालय आणि विमा कंपनी अशी साखळी असते. यांपैकी प्रत्येकाकडे कागद असतात, आणि ते अपघातग्रस्ताकडे कधीच नसतात. शिवाय ट्रान्सपोर्ट कंपनीला आणि विमा कंपनीला अपघात नवा नसतो. त्यांचा माणूस दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात हजर असतो. कुटुंब त्या वेळी शवागाराबाहेर किंवा अतिदक्षता विभागाच्या दारात बसलेले असते.

पंचनामा आणि मोजपट्टी

दाव्याची सुरुवात पोलिसांच्या कागदांपासून होते. प्रथम खबरी अहवाल, घटनास्थळाचा पंचनामा, मरणोत्तर पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, साक्षीदारांचे जबाब आणि मोटार वाहन निरीक्षकाचा वाहन तपासणी अहवाल यांच्या प्रमाणित प्रती मिळविणे हे वकिलाचे पहिले काम. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. त्यामुळे निष्काळजीपणे वाहन चालविण्याचा गुन्हा आता कलम २८१ खाली आणि त्यातून मृत्यू ओढवल्याचा गुन्हा कलम १०६ खाली नोंदविला जातो. फौजदारी खटल्यात गुन्हा संशयातीतपणे सिद्ध व्हावा लागतो. न्यायाधिकरणासमोर मात्र काय घडले असण्याची शक्यता अधिक आहे, एवढेच पाहिले जाते. सर्वोच्च न्यायालयाने ही भूमिका वारंवार मांडली आहे. म्हणूनच चालक फौजदारी खटल्यात निर्दोष सुटला तरी दावा आपोआप बुडत नाही.

पंचनाम्यात बहुधा ‘ब्रेकच्या खुणा दिसून आल्या’ असे एक वाक्य असते. खुणा किती लांब, डांबरावर की कडेच्या मुरुमावर, सरळ की तिरक्या, याचा उल्लेख क्वचितच आढळतो. वास्तविक या लांबीवरून वेगाचा अंदाज बांधता येतो. कोरड्या डांबरी रस्त्यावर भरलेल्या ट्रकची चाके पूर्ण जखडून तीस मीटर घासली गेली असतील आणि घर्षणाचा गुणांक ०.५ धरला, तर घासण्याच्या आरंभी वेग ताशी सुमारे ६२ किलोमीटर निघतो. वळणावर चाळीसची मर्यादा लिहिलेला फलक असेल, तर हे एक माप दहा साक्षीदारांपेक्षा बोलके ठरते. ही खूण उन्हाने, पावसाने आणि वरून जाणाऱ्या हजारो चाकांनी काही दिवसांत फिकी होते. त्यामुळे अनुभवी वकील नातेवाइकांपैकी एखाद्या सावध तरुणाला त्याच दिवशी घटनास्थळी धाडतात. मोजपट्टी रस्त्यावर ठेवून छायाचित्रे घ्यावीत, जवळचा किलोमीटरचा दगड चौकटीत यावा, दिवे, फलक आणि रस्ता-दुभाजक दिसावेत, आणि अपघात रात्रीचा असेल तर त्याच वेळी पुन्हा जाऊन उजेड किती पडतो हे टिपावे, एवढ्या सूचना पुरतात.

साक्षीदारही असाच हातून निसटतो. ढाब्याचा मालक, पंक्चर काढणारा, टपरीवाला, मागून येणाऱ्या एसटीचा चालक यांनी जे पाहिले ते पंचनाम्यात येतेच असे नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर जखमींना मदत करणाऱ्या व्यक्तीवर साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही. मदत करणाऱ्याची पोलिसी ससेमिऱ्यातून सुटका झाली हे योग्यच झाले. पण त्याला स्वेच्छेने बोलते करण्याची जबाबदारी त्यामुळे वकिलावर आली आहे. १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेची वर्दी कोणत्या मिनिटाला आली याची नोंद मात्र कोणाच्या मर्जीवर अवलंबून नसते. अपघाताची वेळ ठरविण्यास ती फार उपयोगी पडते.

उभा ट्रक आणि मृत ‘आरोपी’

महाराष्ट्रातील वकिलांना वरचेवर भेटणारा एक प्रकार असा. रात्री बंद पडलेला ट्रक मागचे दिवे न लावता रस्त्यातच उभा असतो. दुचाकीस्वार मागून येऊन त्यावर आदळतो आणि जागीच मरण पावतो. मागून धडक दिली, म्हणजे चूक मागच्याची, या ठोकताळ्याने पोलीस मृतावरच गुन्हा नोंदवितात आणि आरोपी हयात नसल्याने प्रकरण बंद होते. विधवेच्या हाती येतो तो पतीला दोषी ठरविणारा अहवाल, आणि विमा कंपनी न्यायाधिकरणात तोच पुढे करते.

असा दावा उभा राहतो तो बारीक वस्तूंवर. वाहन धोकादायक स्थितीत रस्त्यावर सोडण्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १२२ ने मनाई आहे. मालवाहू वाहनाच्या मागे लाल परावर्तक व परावर्तक पट्टी असावी लागते. ती होती का, की चिखलाने माखली होती? इशाऱ्याचा त्रिकोण मांडला होता का, की क्लीनरने दोन दगड आणि झाडाची फांदी ठेवून वेळ भागविली होती? ट्रकच्या मागील दिव्याचा साधा बल्बही येथे साक्ष देऊ शकतो. आघाताच्या क्षणी बल्ब पेटलेला असेल तर तापलेली तार ताणली जाऊन वेडीवाकडी होते. विझलेला असेल तर थंड तार बहुधा तशीच राहते किंवा ठिसूळपणे तुटते. न्यायवैद्यक प्रयोगशाळेत हे तपासता येते, मात्र त्याआधी तो बल्ब कोणीतरी जप्त केलेला असावा लागतो. एलईडी दिव्यांच्या बाबतीत ही सोय उरलेली नाही.

भर रस्त्यात उभ्या केलेल्या एका गॅस टँकरवर मोटार आदळल्याच्या प्रकरणात उच्च न्यायालयाने निम्मा दोष मोटारचालकावर टाकला होता. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तो निर्णय फिरविला आणि न्यायाधिकरणाचा मूळ निष्कर्ष कायम केला. साक्षीदाराच्या जबाबाबरोबरच पोलिसांनी काढलेला घटनास्थळाचा नकाशा तेथे विचारात घेतला गेला. दोष निम्मा ठरला तर भरपाईही निम्मी होते, हे लक्षात घेतल्यास अशा नकाशाचे मोल कळते.

ट्रक ठाण्याच्या आवारात असेपर्यंत

सर्वांत मोठा पुरावा म्हणजे खुद्द ट्रक, आणि तो फार काळ जागेवर राहत नाही. कलम १३६ नुसार तपासणीसाठी नेलेले वाहन सोपस्कार आटोपल्यावर चोवीस तासांत परत करायचे असते. जप्त वाहने ठाण्याच्या आवारात वर्षानुवर्षे सडवू नयेत, सविस्तर पंचनामा व छायाचित्रे घेऊन ती मालकाच्या ताब्यात द्यावीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये बजावले आहे. हे धोरण रास्त आहे. ट्रकच्या हप्त्यांवर मालकाचेही घर चालते. पण ट्रक एकदा गॅरेजात गेला की ब्रेकचे लायनर बदलतात, झिजलेले टायर भंगारात जातात, दिवे नवे बसतात. म्हणून ताबा देण्यापूर्वीच तपास अधिकाऱ्याला लेखी अर्ज देऊन टायरची झीज, ब्रेक, स्टिअरिंग, दिवे, मागील संरक्षक पट्टी आणि वेगनियंत्रक यांची तपासणी व चित्रीकरण मागणे हे वकिलाचे तातडीचे काम ठरते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ ने जप्तीच्या प्रक्रियेचे दृकश्राव्य चित्रीकरण बंधनकारक केले असल्याने या मागणीला आता अधिक वजन आले आहे.

‘ब्रेक निकामी झाले’ हा तर मालवाहतुकीतील ठरलेला खुलासा. पुण्यात २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री नवले पुलाजवळ एका ट्रकने कित्येक मोटारींचा चक्काचूर केला तेव्हाही प्रथम हेच कारण पुढे आले होते. वाहनाच्या तपासणीनंतर पोलिसांनी जे सांगितले ते वेगळे होते: कात्रजच्या नव्या बोगद्याकडून येणाऱ्या उतारावर इंजिन बंद ठेवून गाडी सोडण्यात आली होती. डिझेल वाचविण्याची ही जुनी आणि जीवघेणी युक्ती. अवजड वाहनाचे ब्रेक दाबलेल्या हवेवर चालतात आणि हवा भरणारा कॉम्प्रेसर इंजिनावर. इंजिन बंद असताना पुन्हापुन्हा ब्रेक दाबला की टाकीतील दाब उतरत जातो. म्हणजे ब्रेक ‘निकामी होणे’ आणि ते ‘निकामी करणे’ यांतील भेद ट्रक तपासल्याखेरीज कळत नाही. शिवाय यांत्रिक बिघाडाचा बचाव घेणाऱ्या मालकाने आपण वाहनाची योग्य निगा राखली होती हे स्वतः सिद्ध करावयाचे असते; सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्येच हे स्पष्ट केले आहे. त्यामुळे गॅरेजची बिले, सुट्या भागांच्या पावत्या आणि फिटनेस प्रमाणपत्राच्या तारखा मागविल्या की हा बचाव अनेकदा ढासळतो.

बिल्टी, फास्टॅग आणि सीसीटीव्ही

ट्रकचा प्रवास कागदावर उमटलेला असतो. बिल्टीवर माल, वजन, पाठविणारा आणि निघण्याची तारीख असते. वजनकाट्याची पावती खरा भार सांगते. दोन आसांच्या ट्रकचे मालासह एकूण वजन २०१८ पासून साडेअठरा टनांपर्यंत चालते. त्याहून अधिक भार आढळल्यास थांबण्याचे अंतर का वाढले याचे उत्तर मिळते आणि माल भरणाराही प्रश्नांच्या कक्षेत येतो. ई-वे बिलावर वाहनाचा क्रमांक आणि मुदत असते. दर दोनशे किलोमीटरला एक दिवस हे त्याचे गणित चालक कोणत्या घाईत होता याचा सुगावा देऊ शकते.

फास्टॅगने वकिलांच्या हाती नवे साधन दिले. फेब्रुवारी २०२१ पासून राष्ट्रीय महामार्गांच्या नाक्यांवर फास्टॅग अनिवार्य झाला आणि प्रत्येक नाक्यावरील वेळेची नोंद बँकेकडे राहू लागली. दोन नाक्यांमधील अंतराला लागलेल्या वेळाने भागले की सरासरी वेग मिळतो. ऑक्टोबर २०१५ नंतर तयार झालेल्या मालवाहू वाहनांना ताशी ८० किलोमीटरचा वेगनियंत्रक असावा लागतो. सरासरीच त्याच्या पुढे गेली, तर नियंत्रक काढून टाकला होता की बिघडवला होता एवढाच प्रश्न उरतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे या नोंदी जोडल्या की चालक किती तास सलग चाकावर होता हे दिसते. २०२५ मध्ये रद्द झालेल्या १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यानुसार दिवसाला आठ तास काम आणि पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती हा सामान्य नियम होता. प्रत्यक्षात एकाच चालकाने रात्रंदिवस ट्रक हाकणे ही गोष्ट कोणत्याही महामार्गावर नवी नाही. ही थकवणूक चालकाने केलेली नसते, त्याच्याकडून करवून घेतलेली असते. दाव्यात केवळ चालकाच्या निष्काळजीपणावर बोट ठेवून थांबणारे वकील येथे मोठी चूक करतात.

अमेरिकेत २०१७ च्या अखेरीपासून बहुतेक व्यापारी ट्रकांवर चालकाचे तास आपोआप नोंदविणारे यंत्र सक्तीचे आहे आणि त्या नोंदी कंपनीने सहा महिने ठेवायच्या असतात. तेथील वकील अपघातानंतर लगेच ‘पुरावा नष्ट करू नका’ असे पत्र धाडतात. आपल्याकडे अशा नोटिशीसाठी स्वतंत्र तरतूद नाही, तरी तिचा उपयोग आहे. हाती असलेला पुरावा एखाद्याने दडविला तर तो त्याच्या विरुद्ध जाणारा होता असे अनुमान न्यायालय काढू शकते. जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ११४ मधील हे तत्त्व आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ११९ मध्ये आहे. मालकाला, ट्रान्सपोर्ट कंपनीला, जीपीएस सेवा देणाऱ्याला आणि टोल चालविणाऱ्या कंत्राटदाराला नोंदणीकृत टपालाने गेलेली नोटीस पुढे या अनुमानाचा पाया बनते. दावा दाखल झाल्यावर कलम १६९ खाली न्यायाधिकरण कागद हजर करण्याचा हुकूम देऊ शकते. चालक अपघाताच्या क्षणी मोबाइलवर बोलत होता का, हे दाखविणारा कॉलचा तपशीलही त्याच मार्गाने मिळतो. सरकारी यंत्रणांकडील नोंदींसाठी माहितीचा अधिकार आहेच. मात्र तेथे तीस दिवसांची वाट पाहावी लागते.

सीसीटीव्हीला तीस दिवस नसतात. पेट्रोल पंप, हॉटेल, दुकान यांच्या यंत्रांत साधारण पंधरा ते तीस दिवसांत जुन्यावर नवे चित्रण चढते, काही ठिकाणी आठवड्यातच. चित्रण मोबाइलवर उतरवून घेतले की काम झाले असे नातेवाइकांना वाटते. न्यायालयात मात्र त्यासोबत प्रमाणपत्र लागते. या प्रमाणपत्राचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेणारे प्रकरण महाराष्ट्रातलेच, अर्जुन खोतकर यांच्या जालन्यातील निवडणुकीचे. २०२० च्या त्या निकालाने प्रमाणपत्र आवश्यक ठरविले. त्याचबरोबर, यंत्र ज्याच्या ताब्यात आहे तो प्रमाणपत्र देत नसेल तर न्यायालयाकडे अर्ज करून ते मागवावे, ही वाटही दाखविली. साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील नव्या नमुन्यात फाइलचे हॅश मूल्यही नमूद करावे लागते, म्हणजे नंतर केलेला फेरफार उघड होतो. न्यायाधिकरण पुराव्याच्या नियमांना काटेकोर बांधलेले नसले, तरी विमा कंपनीचा वकील आक्षेप घेतल्याशिवाय राहत नाही.

विमा कंपनीचा बचाव

अपघात कसा झाला हे सिद्ध झाल्यावर पैसे कोणी द्यायचे हा दुसरा झगडा सुरू होतो. लायसन्स बनावट, परमिट संपलेले, फिटनेस नाही, असे बचाव येतात. लायसन्स बनावट निघाले एवढ्यानेच कंपनीची सुटका होत नाही. मालकाने जाणूनबुजून वा बेपर्वाईने अटी मोडल्याचे तिला दाखवावे लागते, हे २००४ पासून प्रस्थापित आहे. परमिट नसल्यास कंपनीने आधी भरपाई द्यावी आणि मग मालकाकडून वसूल करावी, असा आदेश दिला जातो. साडेसात टनांखालील टेम्पो चालविण्यास हलक्या वाहनाचे लायसन्स पुरते, हे घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केले. तरीही अपघाताच्या दिवशीच परिवहन संकेतस्थळावरून वाहनाची नोंदणी, विमा, परमिट आणि फिटनेस यांची स्थिती छापून ठेवणे शहाणपणाचे. ट्रक विकला गेला पण नाव बदलले नाही, असे पुष्कळदा आढळते. अशा वेळी नोंदणीपुस्तकात ज्याचे नाव तोच मालक, असे २०१८ च्या निकालाने ठरविले आहे.

ट्रकमध्ये किंवा टेम्पोत बसलेल्या माणसाचे काय, हा प्रश्न ग्रामीण महाराष्ट्रात विशेष टोकदार आहे. मालवाहू वाहनातील फुकट्या प्रवाशाची जबाबदारी विमा कंपनीवर नाही. मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी सोबत असेल तरच ती येते. टोमॅटोच्या क्रेटसह पहाटे वाशीच्या बाजारात निघालेला शेतकरी घाटात दगावला, तर तो ‘मालाचा मालक’ होता हे कशावरून दाखवायचे? त्या दिवशीची हिशेबपट्टी तर झालेलीच नसते. मग आडत्याकडील मागच्या महिन्यांच्या पट्ट्या, सातबाऱ्यावरील पिकाची नोंद, गावातून माल भरून देणाऱ्या हमालाचा जबाब आणि पंचनाम्यात ‘क्रेट विखुरलेले होते’ एवढी ओळ यांवर सारी भिस्त असते. पंच म्हणून सही करणाऱ्या गावकऱ्याने ती ओळ लिहून घेतली असेल तर कुटुंब तरते.

पुराव्याचा हा आग्रह विमा कंपन्यांच्याही हिताचा आहे. विमा नसलेल्या वाहनाच्या जागी विमा असलेले वाहन दाखविणे, घटनास्थळी नसलेला साक्षीदार उभा करणे, असे प्रकार घडतात आणि त्यांत वकीलही सापडतात. उत्तर प्रदेशातील बनावट दाव्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये तेथील बार कौन्सिललाच धारेवर धरले होते. काम मिळविण्यासाठी शवागाराबाहेर घुटमळणे वकिलांच्या आचारसंहितेतही बसत नाही.

एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनी पोलिसांवर वेळापत्रक घातले आहे: अपघाताची पहिली माहिती ४८ तासांत न्यायाधिकरणाकडे, अंतरिम अहवाल ५० दिवसांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत. त्यासाठी ठाण्यांमध्ये स्वतंत्र कक्ष नेमावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये सांगितले. अहवालाची प्रत अपघातग्रस्तालाही मिळावयाची असते, आणि त्यातील उणीव वेळीच लेखी दाखवून दिली तर ती दुरुस्त होण्यास वाव राहतो. त्याच दिवसापासून अर्जासाठी सहा महिन्यांची मुदतही परत आली. तिला आव्हान देण्यात आले असून, केवळ मुदत उलटली म्हणून अर्ज फेटाळू नयेत, असा अंतरिम आदेश सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिला आहे. तरीही वकील सहा महिने हीच मुदत धरून चालतात. अर्ज अपघाताच्या जिल्ह्यातच करावा असे बंधन नाही. कसारा घाटात गेलेल्या माणसाचे कुटुंब लातुरात राहत असेल तर ते लातूरच्या न्यायाधिकरणात दाद मागू शकते. कागद मात्र कसाऱ्याजवळच्या ठाण्यातून आणि टोलनाक्यावरूनच गोळा करून आणावे लागतात.